रिकाम्या बस, भरलेली चर्च
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा दोन अटी घातल्या. पहिली, भाषण जेवणाच्या आधी आहे, तेव्हा वीस मिनिटांच्या वर जायचं नाही. दुसरी, विषय आजच्या कार्यक्रमाला धरून हवा. आज आपण जमलोय ते गावाकडच्या एका मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे उभे करायला. मागच्या टेबलावर वडापाव आहेत, पुरणपोळ्या आहेत, ओल्या नारळाच्या करंज्या आहेत. त्यांचे भाव वाचून काहींच्या भुवया वर गेलेल्याही मी पाहिल्या. (हरकत नाही, चांगल्या कामासाठी आहेत!) म्हणून मी ठरवलं की ज्या लोकांनी घरी केलेले केक विकून, प्रार्थनेच्या वेळी थाळी फिरवून आणि एकमेकांना गाडीतून ने-आण करून एका अन्यायी कायद्याला नमवलं, त्यांची गोष्ट आज सांगावी.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. देवाधर्माबद्दल बोलायचा माझा काही अधिकार नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, आरत्या पाठ आहेत, मधलं एखादं कडवं सोडलं तर. तेव्हा देव आहे की नाही, कोणता धर्म चांगला, या वादात मी शिरणार नाही. माझा प्रश्न इंजिनिअरचा आहे. ज्यांच्या हातात सत्ता नाही, पैसा नाही, मताचा अधिकारसुद्धा जवळपास नाही, अशी माणसं वर्षभर सरकारशी झुंजतात तेव्हा त्यांची श्रद्धा नेमकं काय काम करते? ती नुसता मनाला धीर देते, की आणखी काही?

गोष्ट अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराची. त्या काळी तिथे सुमारे पन्नास हजार कृष्णवर्णीय राहात होते आणि शहराच्या बसमध्ये बसणाऱ्यांत बहुतेक तेच होते. पण बसमधल्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीय माणसाने तिथे बसायचं नाही. पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, पुन्हा खाली उतरायचं आणि मागच्या दाराने आत जायचं. कधी कधी माणूस मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत ड्रायव्हर बस सोडून द्यायचा. गोऱ्यांच्या जागा भरल्या की मागच्या रांगेतल्यांनीही उठून जागा द्यायची. हे सगळं काही कायद्याने, काही रिवाजाने! म्हणजे तक्रार करायची तर कोणाकडे? पोलीस त्यांचे, कोर्ट त्यांचं, महापौर त्यांचा.

१ डिसेंबर १९५५, गुरुवार. रोझा पार्क्स ही ४२ वर्षांची शिवणकाम करणारी बाई एका डिपार्टमेंट स्टोअरमधलं काम आटपून घरी निघाली होती. ड्रायव्हरने उठायला सांगितलं, ती उठली नाही. तिला अटक झाली. पुष्कळदा ही गोष्ट आपण अशी ऐकतो की एक थकलेली बाई होती, पाय दुखत होते म्हणून उठली नाही. तसं नव्हतं. रोझाबाई कित्येक वर्षं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेची चिटणीस होती. आणि आपल्या चर्चमधलीही ती नेमाने सेवा करणारी, जबाबदारीचं काम सांभाळणारी सभासद होती.

आता पुढचं वेळापत्रक बघा. गुरुवारी संध्याकाळी अटक. त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापिकेने कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं छापली, की सोमवारी कोणीही बसमध्ये बसायचं नाही. पत्रकावर तिचं नाव नव्हतं, कारण कॉलेज सरकारी. शुक्रवारी संध्याकाळी शहरातले पाद्री आणि इतर पुढारी डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात जमले. रविवारी चर्चाचर्चांतून व्यासपीठावरून घोषणा झाली. (शहरातल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्राने रविवारच्या अंकात पहिल्या पानावर बातमी दिली. म्हणजे ज्यांना पत्रक मिळालं नव्हतं त्यांनाही फुकटात कळलं!) आणि सोमवारी, ५ डिसेंबरला सकाळी, बस रिकाम्या धावल्या.

आपल्यापैकी ज्यांनी कधी प्रोजेक्ट मॅनेजमेंट केलंय त्यांनी जरा विचार करा. फोन सगळ्यांकडे नाहीत, ई-मेल हा प्रकार नाही, आणि चार दिवसांत पन्नास हजार माणसांपर्यंत निरोप पोचवून त्यांनी तो पाळायचा. आपल्याला मंडळाच्या पिकनिकचा निरोप द्यायला तीन आठवडे लागतात, तरी कोणीतरी म्हणतंच, 'आम्हाला कळलंच नाही!'

हे जमलं, कारण निरोपाची वाट आधीच पडलेली होती. दर रविवारी ही माणसं एकत्र येत होती. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोण शब्दाला पक्का आहे, हे एकमेकांना ठाऊक होतं. म्हणजे श्रद्धेचं पहिलं काम हे, की तिने माणसांना दर आठवड्याला एकत्र यायची सवय लावली होती. संकट येण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

दुसरं काम पैशाचं, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या शहरात जवळपास प्रत्येक कृष्णवर्णीय माणसाचा पगार कोणातरी गोऱ्या माणसाच्या हातात होता. स्वयंपाकीण, माळी, हमाल, सरकारी कॉलेजातला प्राध्यापक, कोणीही तोंड उघडलं की नोकरी गेली. पण पाद्र्याचा पगार कोण देत होतं? त्याच्या चर्चमधली माणसं, रविवारी थाळीत नाणी टाकून. चर्चची इमारत कोणाची? त्यांचीच, पै पै साठवून बांधलेली. सगळ्या शहरात ही एकच मोठी जागा अशी होती, जिथे शे-दोनशे माणसं गोऱ्यांच्या परवानगीशिवाय जमू शकत होती. पाद्री इतरांपेक्षा जात्याच शूर होते असं मला म्हणायचं नाही, काहीजण तर सुरुवातीला चांगलेच कचरत होते. पण त्यांना कामावरून काढायची सोय सरकारजवळ नव्हती.

म्हणूनच त्या सोमवारी दुपारी आंदोलन चालवण्यासाठी जी संघटना निघाली, तिच्या अध्यक्षपदी अवघ्या २६ वर्षांचा, वर्षभरापूर्वी शहरात आलेला एक तरुण पाद्री निवडला गेला. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. नवा असल्यामुळे त्याचं कोणाशी भांडण नव्हतं, हेही एक कारण होतं. (मंडळाचा अध्यक्ष निवडतानाही हा निकष उपयोगी पडतो!) त्या रात्री होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा झाली. आत जागा उरली नाही, बाहेर रस्त्यावर हजारो माणसं लाउडस्पीकरवर ऐकत उभी. एका दिवसापुरता ठरलेला बहिष्कार पुढे चालू ठेवायचं तिथे ठरलं.

मागण्या काय होत्या ते ऐकलं तर आश्चर्य वाटेल. ड्रायव्हरनी नीट बोलावं. आधी येईल त्याला जागा मिळावी, कृष्णवर्णीयांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं. ज्या मार्गांवर बहुतेक प्रवासी कृष्णवर्णीय आहेत तिथे कृष्णवर्णीय ड्रायव्हर नेमावेत. बस, एवढंच. म्हणजे वेगळं बसवण्याची पद्धत पूर्ण बंद करा असंही सुरुवातीला कोणी म्हटलं नव्हतं. तेवढंही द्यायला शहराने नकार दिला.

मग रोज कामावर जायचं कसं? आधी कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, दहा सेंटमध्ये माणसं न्यायला सुरुवात केली. शहराने किमान भाड्याचा नियम काढून ते बंद पाडलं. मग कारपूल उभं राहिलं. दोन वर्षांपूर्वी, १९५३ मध्ये, लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात असाच बहिष्कार झाला होता, तिथल्या पाद्र्याला फोन करून माहिती विचारून घेतली. टपाल खात्यात काम करणाऱ्यांना शहराची गल्ली न् गल्ली ठाऊक होती, त्यांची मदत घेतली. १३ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आठवड्याभरात, सकाळी माणसं उचलायची ४८ ठिकाणं आणि संध्याकाळी परतीची ४२ ठिकाणं ठरली. त्यांत बरीचशी चर्चच होती. सुमारे तीनशे खाजगी गाड्या फिरायला लागल्या. पुढे देणग्यांतून स्टेशन वॅगन घेतल्या, त्याही चर्चच्या नावावर. लोक त्यांना 'चालती चर्च' म्हणायला लागले.

सरकार काही गप्प बसलं नाही. कारपूलच्या ड्रायव्हरना पोलीस क्षुल्लक कारणांवरून अडवायचे. २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेगाने गाडी चालवली म्हणून जानेवारी १९५६ मध्ये खुद्द किंगना तुरुंगात नेलं. (या न्यायाने आज या हॉलमधले निम्मे लोक आत जातील!) विमा कंपन्यांनी गाड्यांचा विमा रद्द केला, तेव्हा अखेर लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. फेब्रुवारीत १९२१ चा एक जुना कायदा शोधून काढून ८९ जणांवर खटला भरला, त्यांत दोन डझन पाद्री होते. पकडायला पोलीस येण्याची वाट न बघता ही माणसं चांगले कपडे घालून, हसतखेळत स्वतःहून हजर झाली. ज्या तुरुंगाच्या नावाने पिढ्यान् पिढ्या थरकाप उडायचा, तिथे त्या दिवशी लोक रांग लावून उभे होते.

हे कुठून आलं? इथे श्रद्धेचं तिसरं काम येतं. या माणसांचे पणजोबा-खापरपणजोबा गुलाम होते. मालकांनी त्यांना ख्रिस्ती केलं ते आज्ञेत राहावेत म्हणून. मालकांचे पाद्री त्यांना सांगायचे, मालकाचं ऐकणं हीच देवाची इच्छा. पण त्याच बायबलात मोझेसची गोष्ट आहे. फराओच्या गुलामीतून एका अख्ख्या समाजाला देव बाहेर काढतो, ही गोष्ट गुलामांनी ऐकली आणि ती आपलीच आहे असं ओळखलं. पिढ्यान् पिढ्या रविवारी त्यांनी हेच ऐकलं, की बाहेर तुला कोणी काहीही म्हणो, देवाच्या दारात तू पूर्ण माणूस आहेस. आठवड्यातले सहा दिवस जिला लोक पहिल्या नावाने, एखाद्या पोरीसारखं हाक मारायचे, ती मोलकरीण रविवारी चर्चमध्ये 'मिसेस' अमुक असायची, एखाद्या समितीची प्रमुख असायची. सन्मान म्हणजे काय याची चव ज्याने घेतली आहे, त्यालाच अपमान अपमान म्हणून कळतो. एका म्हातारीला किंगनी विचारलं, की इतकं चालून थकला नाहीत का? तेव्हा तिने सांगितलं ते असं, की पाय थकलेत, पण जीव निवांत आहे.

चौथं काम शिस्तीचं. आठवड्यातून दोनदा सभा व्हायच्या, दर वेळी वेगळ्या चर्चमध्ये, म्हणजे एका पंथाचा मान, दुसऱ्याचा अपमान ही भानगड नाही. प्रार्थना, गाणी, हिशोब, पुढच्या आठवड्याची व्यवस्था, आणि मग पुन्हा प्रार्थना. ३० जानेवारी १९५६ ला किंग अशाच एका सभेत असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब पडला. घरात पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी. सुदैवाने दोघी वाचल्या. किंग घरी पोचले तेव्हा बाहेर संतापलेला जमाव होता, काहींच्या हातात हत्यारं होती. एक दगड कोणी उचलला असता तर त्या रात्री शहर पेटलं असतं. किंग पडक्या ओसरीवर उभे राहिले आणि त्यांनी लोकांना हत्यारं घेऊन घरी जायला सांगितलं. लोक गेले.

किंग काही जन्मजात संत नव्हते. त्या सुमाराला त्यांच्या घरातल्या पहारेकऱ्यांजवळही बंदुका होत्या. बॉम्ब पडण्याच्या तीनच दिवस आधी, मध्यरात्री धमकीचा फोन आला होता. झोप उडाली, स्वयंपाकघरात कॉफी करून ते एकटे बसले आणि यातून मानाने बाहेर कसं पडता येईल याचा विचार करू लागले. मग तिथेच टेबलाशी त्यांनी प्रार्थना केली. आपल्याला उभं राहायचं बळ त्या रात्री मिळालं, असं त्यांनीच पुढे आपल्या पुस्तकात लिहिलंय. ते कुठून मिळालं याचा खुलासा मी करू शकत नाही. पण तीन रात्रींनंतर ते दिसलं, एवढं खरं.

आता मी ज्या केकबद्दल म्हणालो होतो त्याकडे येतो. जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने कोर्टात साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. किंगनी तिला सांगितलं की घरूनच स्वयंपाक करून वीक. तिने आसपासच्या बायकांना जमवलं. कोंबडी तळायची, सँडविच करायची, केक आणि पाय भाजायचे, ब्यूटी पार्लरमध्ये, दुकानांत, दारोदार विकायचे आणि पैसे सभेत आणून द्यायचे. या गटाचं नाव काय ठेवलं? 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलाच नाही असा क्लब'. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर उत्तर तयार, कुठूनच नाही! कोणाचं नाव बाहेर पडायला नको, कोणाची नोकरी जायला नको. काही गोऱ्यांनीही हे केक आवडीने खाल्ले म्हणतात. आपले पैसे कशाला जातायत हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे गावाच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनी आपला वेगळा क्लब काढला आणि कोण जास्त पैसे आणतं याची दर सभेत चुरस लागायची. याच पैशांतून गाड्यांचं पेट्रोल भरलं जायचं.

इतिहासाच्या पुस्तकांत स्टेजवरच्या पुरुषांची नावं ठळक असतात. पत्रकं छापणारी बाई, केक करणाऱ्या बाया, मैलोन्‌मैल चालणाऱ्या मोलकरणी मात्र तळटीपेत. आपल्या मंडळात असं काही होत नाही, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो. (स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येतोय.) आणि एक नाव तर बरीच वर्षं तळटीपेतही नव्हतं. रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, क्लॉडेट कोल्व्हिन नावाची १५ वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसमध्ये बसून राहिली होती. तिला फरफटत खाली उतरवून अटक केली. ती वयाने लहान, गरीब वस्तीतली, पुढे लग्नाआधी दिवस गेलेले. समाजातल्या प्रतिष्ठितांना ती आंदोलनाचा चेहरा म्हणून चालली नाही. पण बसमधली वेगळी बैठक घटनाबाह्य आहे असा जो खटला केंद्रीय कोर्टात गेला, तो लढवणाऱ्या चार स्त्रियांत ही मुलगी होती. त्यांचा वकील फ्रेड ग्रे हा पंचविशीतला तरुण, आणि तोही एका चर्चचा उपदेशक. जून १९५६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. क्लॉडेटबाईंच्या नावावरचा गुन्हा पुसला जायला मात्र २०२१ साल उजाडलं.

तेव्हा नुसत्या प्रार्थनेने कायदा बदलला असं मी म्हणणार नाही. कायदा कोर्टात बदलला. पण कोर्टाचा निकाल अमलात येईपर्यंत ३८१ दिवस लोक चालत राहिले. पावसात, अलाबामाच्या उन्हात, नोकरी जायची भीती मनात ठेवून. ते बळ कोर्टाने दिलेलं नव्हतं. आणि शेवटच्या दिवसांत चर्चमध्ये खुर्च्या बससारख्या मांडून तालमी झाल्या. कोणी ड्रायव्हर व्हायचं, कोणी शिव्या देणारा गोरा, कोणी शांत बसून राहणारा प्रवासी. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या आधी टेस्टिंग! २१ डिसेंबर १९५६ ला लोक पुन्हा बसमध्ये चढले, ते जिथे जागा मिळेल तिथे बसायला.

बरोबर वीस दिवसांनी, १० जानेवारी १९५७ ला, माँटगोमेरीत चार चर्च आणि दोन पाद्र्यांची घरं बॉम्बने उडवली. त्या दोनपैकी एक पाद्री, रॉबर्ट ग्रेट्झ, स्वतः गोरा होता. तो कृष्णवर्णीयांच्या चर्चचा पाद्री होता आणि सकाळी आपल्या गाडीने त्यांना कामावर सोडायचा. ताकद कुठे आहे हे हल्लेखोरांना नेमकं कळलं होतं. त्यांनी बॉम्ब टाकले ते देवळांवर.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी सांगितली नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. ज्यांनी हा अन्याय चालवला ते नास्तिक नव्हते. महापौर, पोलीस अधिकारी, वेगळ्या बैठकीचं समर्थन करणारे पुढारी, सगळे रविवारी चर्चमध्ये जाणारे. बायबलमधल्याच एका गोष्टीचा आधार घेऊन, गोऱ्यांनी वर आणि काळ्यांनी खाली राहणं ही देवाचीच योजना आहे, असं त्यांना शिकवलेलं होतं. आणि बहुसंख्य गोरे धर्मगुरू वाईट नव्हते, सज्जन होते. गप्प होते, इतकंच. पुढे १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंगनी जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, ते आंदोलनाला शिव्या देणाऱ्या गुंडांना लिहिलेलं नाही. 'घाई करू नका, ही वेळ नव्हे' असं सांगणाऱ्या आठ प्रतिष्ठित धर्मगुरूंना ते उत्तर आहे. अत्याचार करणाऱ्यांपेक्षाही शांततेसाठी न्याय पुढे ढकलणाऱ्या भल्या माणसांबद्दलचं दुःख त्यात जास्त आहे.

तेव्हा श्रद्धा ही आपोआप पीडितांच्या बाजूने उभी राहत नाही. तोच देव, तोच ग्रंथ, तोच रविवार, आणि दोन्ही बाजूंना भाविक. मग फरक ओळखायचा कसा? मला एक साधी खूण दिसते. माझी श्रद्धा मला काय करायला सांगते? 'तू आहेस तिथे ठीक आहेस' एवढंच सांगते, की दुसऱ्यासाठी चार पावलं चालायला लावते?

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. बहिष्कार सुरू होऊन आठवडा झाला होता तेव्हाच जुलिएट मॉर्गन नावाच्या एका गोऱ्या ग्रंथपाल बाईने स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून या लोकांची तुलना गांधीजींच्या सत्याग्रहाशी केली होती. त्याची फार मोठी किंमत तिला मोजावी लागली. किंगनी पुढे लिहिलं की प्रेरणा ख्रिस्ताची होती आणि पद्धत गांधींची. १९५९ मध्ये ते भारतात आले तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजी राहायचे त्या घरात मुक्कामाला राहिले. पण त्याच दौऱ्यातली आणखी एक आठवण त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितली. केरळमध्ये दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपल्यासारखेच अस्पृश्य' अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, रागही आला. मग विचार केल्यावर पटलं, की खरंच आहे, मी अस्पृश्यच आहे.

हे ऐकताना मराठी माणसाला एक तारीख आठवायलाच हवी. माँटगोमेरीचे लोक चालत होते त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याआधी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून कित्येक वर्षं सत्याग्रह झाला होता आणि दार उघडलं नव्हतं. इथे लोकांनी आपल्या धर्माच्या आधाराने अन्यायाशी झुंज दिली. तिथे अन्यायालाच धर्माचा आधार होता, म्हणून तो धर्म सोडून नवा स्वीकारावा लागला. माणूस म्हणून ताठ उभं राहायला आधार देणारी श्रद्धा दोन्हीकडच्या लोकांना हवी होती. आपल्या देवळाचं दार कोणासाठी बंद आहे, हा प्रश्न म्हणून प्रत्येक भाविकाने अधूनमधून स्वतःला विचारायला हवा.

आणखी एक धागा, तो तर थेट तुमच्या-माझ्या पासपोर्टशी जोडलेला आहे. १९४६ च्या कायद्याप्रमाणे भारतातून वर्षाला शंभर माणसांना अमेरिकेत कायमचं येता येत होतं. संपूर्ण भारतातून शंभर! कोणत्या देशाचा माणूस किती 'चालेल' हे ठरवणारी ती पद्धत ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झालेल्या कायद्याने मोडीत काढली. आदल्या वर्षीच नागरी हक्कांचा मोठा कायदा झाला होता. माणसाला वंशावरून मोजायचं नाही, ही हवा ज्यांनी या देशात निर्माण केली, त्यांत त्या चालणाऱ्या मोलकरणी होत्या. आपण इथे डिग्रीच्या जोरावर आलो हे खरं, पण दार उघडलं ते त्यांनी. ते ऋण आपल्यावर आहे.

मग आपण काय करायचं? आपल्यापैकी अनेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, ग्रीन कार्डची रांग लांब असते. आपला स्वभाव होऊन जातो, की मान खाली घालून काम करावं, वीकेंडला कॉस्टकोला जावं, इथल्या भानगडीत पडू नये. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही, त्यात व्यवहार आहे. जो ॲन रॉबिन्सननेही पत्रकावर नाव घातलं नव्हतं. पण तिने पत्रक छापलं! नाव न घालता करण्यासारखं खूप काही असतं. ज्याला नाव घालणं परवडतं, त्याने ते घालावं. आपल्यातले जे इथले नागरिक झालेत, ज्यांचं पोट कोणा एका साहेबाच्या सहीवर अवलंबून नाही, त्यांची जबाबदारी माँटगोमेरीच्या पाद्र्यांसारखी आहे.

आणि मंडळ म्हणून आपण एक गोष्ट नक्की करू शकतो. संकट आल्यावर मंडळ स्थापन करता येत नाही, ते आधीपासून असावं लागतं. आरतीला जमणारी पन्नास माणसं, गणपतीला जमणारी पाचशे, भजनाला जमणारे बारा, ही आपली वाट आहे. लोकमान्यांनी गणपती घरातून चौकात आणला तो माणसं जमावीत, विचार ऐकावेत म्हणूनच. आपण तो हायस्कूलच्या कॅफेटेरियात आणलाय, ठीक आहे! पण तिथे जमून आपण फक्त मोदक मोजणार, की कोणाची नोकरी गेली, कोणाच्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय, कोणाला कामावर किंवा शाळेत नाव-रंगावरून त्रास होतोय, हेही एकमेकांना विचारणार? गाडीने ने-आण करणाऱ्यांची एक यादी, ओळखीच्या वकिलांची एक यादी, अडीनडीसाठी एक छोटी शिल्लक. सोपी कामं आहेत, पण आजच करून ठेवण्याची. आणि ती यादी फक्त मराठी माणसापुरती असू नये, एवढं माझं म्हणणं.

आज जमणारे पैसे ज्या मुलींसाठी जातायत, त्यांच्यापैकी एखादी उद्या कोणाची तरी जो ॲन रॉबिन्सन होईल. ती कोणासमोर उठायचं नाही म्हणून बसून राहील हे आपल्याला कळणारही नाही. पण तिला त्या वेळी वसतिगृहातली खोली आणि शिक्षण आपल्या पैशातून मिळालेलं असेल. म्हणून मागच्या टेबलावरच्या करंज्यांचे भाव आता पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी भुवया न उंचावता पाकीट काढा!

माझी वीस मिनिटं संपली, वडे गार होतायत.